आरती राहिलेली रेकॉर्ड

अण्णा,

तुमची रेकॉर्ड परत निघायची आहे. गेल्या पावसाळ्यात एका मुलीचा फोन आला. मूळची पुण्याची, इथं बेंगळुरात नोकरीला, आणि दोघा-तिघा मित्रांबरोबर हौसेनं जुन्या, कुणी न विचारलेल्या रेकॉर्डी शोधून नव्यानं काढते. तिनं तुमचं नाव घेतलं आणि अडखळत विचारलं, ते आता असतात का. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली की तुमची रेकॉर्ड म्हणजे विसरला गेलेला क्लासिक आहे, लोकगीत आणि रॉक असं एकजीव झालेलं तिनं मराठीत दुसरं ऐकलेलं नाही, आणि मला आनंद व्हायच्या जागी राग आला. तेव्हा कुठं होता तुम्ही सगळे, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण ती तेव्हा जन्मलीही नव्हती, तिच्यावर चिडून काय उपयोग. रेकॉर्ड कुठं मिळाली विचारलं, तर अव्हेन्यू रोडच्या बाजूला रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तिथं, मिक्सरच्या फुटक्या भांड्यांशेजारी. कव्हर वाळवीनं खाल्लेलं, आतली तबकडी शाबूत. मी म्हटलं, घरी या, असलं फोनवर बोलता येत नाही. फोन ठेवला आणि पाहिलं तर आई आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आता मीच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि तुम्ही गेलात ते वय मी केव्हाच मागं टाकलं. त्यामुळं तुम्हाला 'तुम्ही' म्हणताना हल्ली थोडं चमत्कारिक वाटतं, माझ्याहून लहान माणसाला मान देते आहे असं. राजाजीनगरचं घर तेच आहे. खालचा मजला भाड्यानं दिला आहे, वर आम्ही दोघी. आईची पाठ वाकली आहे, कान मात्र तिखट आहेत. घरात कुणी हलक्या आवाजात बोललं की तिला हमखास ऐकू जातं.

तुमची रेकॉर्ड आधी झाली ती आपल्या स्वयंपाकघरात, हे त्या मुलीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. कारखान्यातून सुटलात की टूलरूमचा तेलकट वास अंगावर घेऊनच तुम्ही तिथं येऊन बसत होता. हॉलमध्ये आवाज घुमतो आणि स्वयंपाकघरात तो नीट बसतो, असं तुमचं म्हणणं. छावणीकडचे गिटारवाले अंकल स्टुलावर, तुमचे ढोलकीवाले मित्र, जे संबळही वाजवत, भिंतीला टेकून, आणि तुम्ही मांडी घालून जमिनीवर, हातात तुणतुणं. मध्ये आई अवरेकाळू सोलते आहे. सगळ्या घराला त्या शेंगांचा वास येतो आहे, आणि तुम्ही गोंधळातली हाक म्हणता आहात. एकेका ठाण्याचं नाव घ्यायचं आणि तिथल्या देवीला गोंधळाला बोलवायचं. तुमचा क्रम चुकतो. आई शेंगेवरची नजर न काढता पुढचं नाव सांगते. पुन्हा चुकता, पुन्हा सांगते. तिच्या माहेरी प्रत्येक लग्नानंतर बेळगावकडचे गोंधळी यायचे आणि पाच उसांखाली घट मांडून पहाटेपर्यंत गोंधळ चालायचा. लहानपणी दिवटीत तेल घालायचं काम तिच्याकडं, म्हणून सगळं तिला पाठ. आपण सगळे म्हणत आलो की रेकॉर्ड तुमची, पण दुसरी बाजू पूर्ण आईच्या तोंडून उतरलेली आहे.

अशाच एका संध्याकाळी तिनं एकच अट घातली होती. ती अजून जशीच्या तशी मला आठवते, कारण तुम्ही तिला दिलेलं उत्तरही आठवतं. ती म्हणाली, "हाक मारलीत तर आरतीपर्यंत जायला पाहिजे. बोलावून मध्येच सोडायचं नाही." तुम्ही तुणतुण्याची तार पिळत म्हणालात, "सरी, सरी." दुकानदार गिऱ्हाइकाला 'बरं, बरं' म्हणतो तसं.

रेकॉर्ड आली त्या संध्याकाळी अंकल त्यांचा प्लेयर घेऊन आले. हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. गल्लीतले, नात्यातले, कारखान्यातले दोघे-तिघे, शिवाय रेकॉर्ड कंपनीचा माणूस खुर्चीवर पाय हलवत बसलेला. पहिल्या बाजूला लोक हसले, टाळ्याही वाजल्या. बसचं गाणं तर कारखान्यातल्या मंडळींनी परत लावायला लावलं. मग दुसरी बाजू सुरू झाली. संबळ वाजला, मागून गिटारचा तो लांब ओढलेला सूर आला आणि तुमची हाक सुरू झाली तशी आई उठून आत गेली. मला वाटलं, कॉफी करायला गेली असेल. ती आली ती तबक घेऊन. हळद, कुंकू, फुलं आणि पेटलेलं निरांजन. तिच्या लेखी तो गोंधळच होता, मग तो काळ्या तबकडीतून का येईना. ती दाराशी उभी राहिली, आरती कधी सुरू होते याची वाट बघत. तुम्ही शेवटचं नाव घेतलंत, संबळ थांबला, गिटारचा सूर विरत गेला आणि मग नुसती सुईची खरखर. आई म्हणाली, "आणि आरती?"

तुम्ही प्लेयरकडं बघत म्हणालात, "अगं, गाणं आहे ते. जागा संपली."

कंपनीचा माणूस हसला. मग आणखी दोघे-चौघे हसले. आईनं तिथंच, सुईच्या खरखरीवर, एकटीनं आरती म्हटली. कुणी तिला साथ दिली नाही, काही जण उठून चप्पल शोधायला लागले. मी तिच्या पदराला धरून उभी होते आणि मला तिची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी तुमच्या वाट्याला आलेल्या रेकॉर्डींचा गठ्ठा माळ्यावर गेला, आणि या घरात ती रेकॉर्ड पुन्हा कधी वाजली नाही.

बाहेरही फारशी वाजली नाहीच. आता कळतं की ती वाजणार कुठं होती? पुण्याहून कुणाकडं तरी आलेल्या एका गृहस्थांना तुम्ही मोठ्या उमेदीनं ऐकवायला घेऊन गेला होता. त्यांनी विचारलं, ही मराठी कुठली? 'स्वल्प' काय, 'अक्का' काय. छावणीत अंकलच्या मित्रांना ते भजन वाटलं. कन्नडवाल्यांना ते मराठी वाटलं. आणि आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्यांनी तर तोंडच फिरवलं, कारण तुम्ही कुळाच्या देवींच्या पाठोपाठ इथल्या पेठांमधल्या अम्मांनाही हाक मारली होती, आणि वर कारखान्याच्या फाटकाशी शेंदूर लावून बसवलेल्या त्या दगडाच्या अम्मालाही. तीनशे-साडेतीनशे वर्षं ज्या गावचं पाणी पितो तिथल्या देवीला बोलवायचं नाही तर कुणाला, असं तुम्ही एकदा जेवताना म्हणाला होता. ते ऐकायला ताटावर आई आणि मी दोघीच होतो. त्याच सुमारास मी गणपतीच्या कार्यक्रमात तुमचं बसचं गाणं म्हणायचं ठरवलं होतं. तुम्ही मला ते म्हणताना ऐकलंत आणि म्हणालात, ते सोड, दुसरं काहीतरी म्हण. रागावून नव्हे, थकलेल्या आवाजात. त्यापेक्षा रागावला असता तर बरं झालं असतं.

मग तुमचा आवाज बसायला लागला. कारखाना राजाजीनगरातून बोम्मसंद्र्याला गेला होता, होसूर रोडच्या बसमध्ये तुमचे तास जात होते, धुळीनं घसा धरला असेल असं सगळे म्हणत होते. धुळीचा नव्हता तो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, घशाला भोक पाडलं, तिथं पांढरं फडकं बांधलं, आणि शेवटचं वर्ष तुम्ही न बोलता काढलंत. काही हवं असलं की स्टीलच्या ताटलीवर बोटं वाजवत होता. आणि ते वाजवणंही तालात. नातेवाईक येत, तुमच्याजवळ बसत, आणि स्वयंपाकघरात येऊन आईला सांगत की देवी बोलावून ताटकळत ठेवली, तिनं गळा धरला. आई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. मी रसायनशास्त्र शिकले, पेशी वेड्यावाकड्या वाढतात त्याला कुठली देवी लागत नाही हे मुलांना सांगायची वेळ आली तर ठामपणे सांगेन. पण त्या संध्याकाळनंतर ती दुसरी बाजू कधी लावून ऐकली नाही, कधीच नाही. ऐकायची इच्छा नाही असं मी लोकांना सांगायची. खरं तर धीर नव्हता.

ती मुलगी घरी आली. जीन्स, खांद्यावर मोठी पिशवी, मराठीत निम्मं इंग्रजी. पण वागायला चांगली. आईच्या पाया पडली आणि आईनं दिलेले रव्याचे लाडू मागून घेऊन खाल्ले. तिचं म्हणणं असं की कंपनी केव्हाच बुडाली, तेव्हा आता हक्क घरच्यांचे, मी सही दिली तरच रेकॉर्ड निघेल. शिवाय कव्हरच्या आतल्या पानासाठी मी चार ओळी लिहून द्याव्यात, विशेषतः त्या शेवटाबद्दल. तो शेवट तिला फार आवडतो. इतकी माणसं, इतक्या देवी बोलावून ठेवायच्या आणि मग काहीच नाही, नुसता सूर विरत जातो. असं धाडस त्या काळात कुणी केलं नाही, ती म्हणाली. "तुमचे बाबा किती पुढचे होते."

आई आतून आली. भिंतीला धरत धरत येऊन समोर बसली. म्हणाली, "काढा की. माझी ना नाही. पण आरती घालून काढा."

मुलीला काही कळेना. मी समजावून सांगितलं. मग ती फार गोड शब्दांत म्हणाली की आजी, मूळ कलाकृतीला हात लावता येत नाही, लोकांना मूळ जसं आहे तसंच हवं असतं. आईनं विचारलं, "मूळ म्हणजे कुठलं? मूळ गोंधळाला आरती असते." आणि म्हणाली, मी म्हणते, माझा आवाज घ्या, पण हे असं अर्धं परत गावभर सोडू नका, एकदा सोडलं तेवढं पुरे झालं. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला विचार करून कळवते म्हटलं.

विचार करायचा म्हणजे आधी ऐकायला हवं होतं. मुलीनं फोनवर गाणी पाठवली होती. एका दुपारी आई झोपलेली असताना कानात घालून बसले. अण्णा, सगळी चांगली नाहीत. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं तर रटाळ आहे, अंकलना गिटार दाखवायची हौस आली आहे आणि तुम्ही त्यांना आवरत नाही. कारखान्याच्या भोंग्यावरचं गाणं अर्ध्यावर चांगलं आहे, पुढं त्याचं भाषण होतं. पण बसचं गाणं! त्यात तुमचं ते उभ्यानं झोपलेलं माणूस, कंडक्टरचं 'स्वल्प मुंदे', जरा पुढं सरका, आणि खाली संबळाचा ठेका बसच्या धक्क्यांसारखा. मी हसले आणि मग ते पुन्हा लावलं. मी त्या बसमध्ये तुमच्या मांडीवर बसलेली आहे. तुमच्या तिशीतल्या आवाजात मला इतका जिवंतपणा ऐकू येईल असं वाटलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात तुमचा आवाज म्हणजे ताटलीवरची बोटं.

दुसरी बाजू मी शेवटच्या नावापर्यंत ऐकली, आणि सूर विरायला लागल्याबरोबर बंद केली. पन्नाशी उलटलेली बाई, मुलांना प्रयोगशाळेत ॲसिड हाताळायला शिकवते, आणि एका गाण्याच्या शेवटाला भ्यायली. पण एवढं मात्र ऐकलं की तुम्ही तिथं कलाकारी करत नाही आहात. त्या मुलीला जे धाडस वाटतं ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही मनापासून बोलावता आहात. मग असं बोलावणारा माणूस जागा संपली म्हणून निघून कसा जाईल?

ते एकाच माणसाला ठाऊक असणार होतं. अंकल गेले, कंपनीचा माणूस कोण कुठला, उरले ते तुमचे ढोलकीवाले मित्र. जयनगरला मुलाकडं असतात. भाजीबाजाराच्या गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडं गेले. त्यांनी ओळखलं, अक्का म्हणाले, चहा मागवला. ती मुलगी त्यांच्याकडं आधीच येऊन गेलेली. त्यामुळं ते नुकतेच कुणीतरी मोठे झाल्यासारखे बोलत होते, ढोलकीचे ठेके कसे त्यांनीच सुचवले वगैरे. मी ऐकून घेतलं. मग शेवटाचं विचारलं.

ते म्हणाले, जागा होती. चांगली होती. कंपनीचा माणूसच म्हणत होता की आरती टाका, ती खपते. तुम्ही नाही म्हणालात. "अण्णा म्हणाला, आरती घरची असते. ती घरच्या बाईच्या हातची. रेकॉर्ड वाजली की ज्याच्या घरी वाजली त्यानं उठून करायची. ती आपण डबाबंद करून विकायची नाही." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगितलं नव्हतं होय तुझ्या आईला?"

मी रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत तुमच्यावर संतापत राहिले. म्हातारा खरं बोलला की आता रेकॉर्डीला भाव आला म्हणून सजवून बोलला, हे मला ठरवता येत नाही. सगळे ठेके आपलेच म्हणणारा माणूस आहे. पण ते वाक्य त्यांचं वाटत नाही, तुमचं वाटतं. आणि ते खरं असेल तर अण्णा, त्या संध्याकाळी तबक घेऊन दारात उभी राहिलेली आई ही एकटीच तुमची रेकॉर्ड कशी ऐकायची ते जाणत होती. तुम्हाला हवं होतं तेच तिनं, न सांगता, केलं. आणि तुम्ही तिला जागा संपली म्हणालात. का? कंपनीच्या माणसासमोर देवाधर्माचं बोलायची लाज वाटली? की अंकलना वाटेल हा अजून जुन्यातच अडकला आहे? की नंतर सांगू म्हणालात, आणि नंतर ती बोलेना, आणि त्यानंतर तुम्हालाच बोलता येईना? मी तुमच्या बाजूनं खूप कारणं शोधली. एकही पुरेसं नाही.

एक गोष्ट आठवली. तुमच्या आजारपणात आईनं घरी गोंधळ घातला, सगळा, घटापासून. तुम्ही गळ्याला फडकं बांधून पाटावर बसला होता. आरतीच्या वेळी घरच्या यजमानानं तबक घ्यायचं, तसं गोंधळ्यांनी तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते घेतलंत आणि आईच्या हातात दिलंत. सगळ्यांना वाटलं, हातात ताकद नाही. आईलाही तसंच वाटलं, तिनं पटकन तुमचा दंड धरला. आता मी ते तबक पुन्हा पुन्हा बघते. तुम्ही सांगत होता का? इतक्या उशिरा, इतकं कमी सांगून तुम्ही मोकळे झालात का?

आईला सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस घोळ घातला. तिनं तुमच्या माघारी सगळं आयुष्य एका समजुतीवर काढलं आहे की तुम्ही एक चूक केलीत आणि तिची किंमत आपण तिघांनी मोजली. दर मंगळवारी ती संध्याकाळी देवापुढं ती आरती म्हणते. मी लहानपणापासून बघते आहे, ती तुमची उरलेली आरती पुरी करते आहे. आता या वयात तिला जाऊन सांगायचं की चूक नव्हतीच? तिच्या हातून तो दोष काढून घेतला तर तिच्याकडं काय राहील, असं मला वाटत होतं. पण तिकडं सही अडली होती, मुलगी दोनदा विचारून गेली होती, आणि आईशी खोटं बोलून सही करणं मला जमलं नसतं.

शेवटी सांगितलं. ती पलंगावर बसून मोग‍ऱ्याचा गजरा ओवत होती. मी जयनगरला गेले होते इथपासून सगळं सांगितलं, म्हातारा बढाईखोर आहे हेही सांगितलं. तिची सुई थांबली नाही. मला वाटलं ऐकू आलं नाही, पण तिला ऐकू येत नाही असं कधी होत नाही. गजरा संपला, तिनं गाठ मारली, दात लावून दोरा तोडला. मग म्हणाली, "असेल. असं बोलणारेच होते ते."

तिनं गजरा बाजूला ठेवला.

"मग मी दिवा धरून उभी होते तेव्हा माझ्याकडं बघितलं का नाही गं त्यांनी?"

हे उत्तर तुमचं देणं होतं, अण्णा. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न करता, आणि ती ते पुसत नव्हती. तुम्ही गेलात तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा ती माणसांनी वेढलेली होती आणि कामात होती. मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, लोक काय काय बोलले, मी सगळं ऐकून घेतलं. मनात मीही तेच म्हणत आले. तुझ्या बापाला एवढी वर्षं मी दोषी धरलं, आणि हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर मी त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्यांदा ऐकलं असतं, दहादा ऐकलं असतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, ती मुलगी परत कधी येणार. तसंच काढा म्हणावं, ती म्हणाली, आत माझा आवाज नको. पण त्या कव्हरवर छापा, मोठ्या अक्षरात, की आरती ज्यानं त्यानं आपल्या घरी करायची. लोक करतात न करतात, ते त्यांचं त्यांच्यापाशी.

मी सही केली. चार ओळींच्या जागी आईचं ते एकच वाक्य दिलं. मुलीला ते खूप आवडलं. फारच कल्पक आहे म्हणाली, आणि मी तिला काही समजावायला गेले नाही. रेकॉर्ड दिवाळीनंतर येईल. नव्या लोकांना ती आवडेल, तुमचं नाव होईल, कुठंकुठं लिहून येईल की तुम्ही किती पुढचे होता. मला त्याचा आनंद होईल असं वाटतं. पण तुमच्यावरचा राग गेलेला नाही, आणि तो कौतुकानं जाईल असंही दिसत नाही. तुम्ही जगातल्या सगळ्या घरांवर एवढा विश्वास टाकलात, मग आपल्या घरात तोंड उघडायला काय झालं होतं?

काल दुपारी मी ती दुसरी बाजू त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा पूर्ण ऐकली. या खेपेला कानात न घालता, मोठ्यानं, आईच्या शेजारी बसून. ती मध्येच एक नाव तुमच्या आधी म्हणाली. शेवटचं नाव झालं, संबळ थांबला, सूर विरत गेला आणि नुसती खरखर राहिली. आईनं उठायला हात टेकला, पण तिच्यानं उठवेना. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तबक आणलं, निरांजन लावलं, उभी राहिले आणि पहिल्या ओळीनंतर अडले. जन्मभर दर मंगळवारी कानावर पडली आहे, पण अण्णा, मला ती आरती येत नाही.